रिकाम्या घरांचा लोड

"मीटर खराब आहेत," प्रोफेसर म्हणाले. "तिथे शून्य भर आणि विषय नक्की कर. नाहीतर माझ्या यादीतला एखादा घे."

मी तेव्हा जर्मनीत एनर्जी इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होते. शेवटचं सेमिस्टर थिसिसचं. वर्गातल्या बहुतेकांनी प्रोफेसरांच्या यादीतला विषय उचलला होता. समुद्रातल्या पवनचक्क्या, हायड्रोजन, असं काहीबाही. मला ते नको होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईबाप ऊसतोडीला जातात. एवढ्या लांब येऊन परक्या समुद्रावर थिसिस लिहायचा, हे मला पटत नव्हतं. विषय बीड जिल्ह्यातलाच घेणार, असं मी सांगून टाकलं होतं.

घाटनांदूरकडे आमची वस्ती आहे. तिथे एका संस्थेने सोलर मायक्रोग्रिड बसवली आहे. म्हणजे वस्तीपुरतीच वीज: पॅनेल, बॅटरी आणि तिथून घरोघरी तारा. दिवाळी झाली की जवळजवळ अख्खी वस्ती साखर कारखान्याला जाते. उन्हाळ्यापर्यंत सगळ्या घरांना कुलूप. पॅनेल मात्र वीज बनवतच राहतात. ती वाया जाणारी वीज शेजारच्या गावातल्या दूध चिलिंग सेंटरला द्यायची, हा माझा विषय होता. संस्थेचे साहेब फोनवर खूश झाले.

"मॅडम, तुम्ही फक्त हंगामात शून्य लोड दाखवा. पुढच्या वर्षी सगळी माणसं गेली की वस्तीची लाइन बंद आणि वीज तिकडे."

लोड म्हणजे त्या घडीला घरात जळणारी वीज. प्रत्येक घराचा मीटर इंटरनेटवरून आकडे पाठवायचा. मी खोलीत बसून ग्राफ काढला. दिवाळीनंतर रेष जमिनीला टेकायला हवी होती.

टेकली नाही. रोज दिवस मावळताना ती वर यायची आणि सकाळी खाली बसायची. सगळ्या कुलूपबंद घरांची. आमच्या घराचीही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. सगळ्या रेषा एकाच क्षणी वर यायच्या. आमच्या धंद्यात डायव्हर्सिटी म्हणतात अशी एक गोष्ट आहे. माणसं एकाच वेळी बटण दाबत नाहीत. कोणाचं दूध उतू जात असतं, कोणी गोठ्यात असतं, कोणी झोपलेलं. त्यामुळे गावाचा लोड हळूहळू चढतो. हा चढत नव्हता. सगळ्या घरांनी एकदम डोळे उघडावेत तसा तो यायचा. माणसं अशी वागत नाहीत.

मी आईला फोन लावला. ती उसाच्या फडात होती.

"आई, आपल्या घरात कोण हाय?"

"कोण असणार? कुलूप हाय. जर्मनीत बसून कुलपावर पहारा करती का गं?"

"मग संध्याकाळी लाइट कोण लावतंय?"

ती हसायची थांबली. मागे कोयत्यांचा सपसप आवाज येत होता.

"लागतेत बाई. तू नको ध्यान देऊ," म्हणाली आणि फोन ठेवला.

'मीटर खराब' म्हणणाऱ्या प्रोफेसरांकडून मी नाताळची सुट्टी संपेपर्यंत मुदत मागून घेतली आणि सुट्टीत गावी आले.

एक सांगायला हवं. मी माझं गाव हंगामात कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी या दिवसांत आम्ही कारखान्यावरच्या कोपीत असायचो, पाचटाच्या झोपडीत. नंतर मी होस्टेलला. त्यामुळे दुपारी वस्तीत शिरले, तेव्हा वाटा ओळखीच्या होत्या आणि बाकी काही ओळखीचं नव्हतं. कुठे धूर नाही. चुली लिंपून बंद केलेल्या. पाळण्याच्या दोऱ्या आढ्याला गुंडाळून ठेवलेल्या. दोन कुत्री भुंकली नाहीत, नुसती मागे चालत आली. मी कोणाला तरी हाक मारली. ती पत्र्यांवरून फिरून माझ्याकडेच परत आली. दुसऱ्यांदा मारली नाही.

आमच्या दाराच्या फटीतून आत पाहिलं. अंधार. बाज भिंतीला उभी केलेली. घर आपलंच, पण आपण नसताना ते कसं असतं ते मी पहिल्यांदा बघत होते. चोरून बघितल्यासारखं वाटलं.

ओट्यावर दाराकडे पाठ करून बसले. दिवस मावळला. आणि माझी सावली अंगणात पडली.

माझ्या पाठीमागे, कुलूप लावलेल्या आमच्या घरात उजेड झाला होता. समोरच्या घरातही. त्याच्या पलीकडेही. दाराच्या फटी, खिडक्यांच्या भेगा, सगळं एकदम पिवळं. आवाज कशाचाच नाही.

"कोण हाय बे तिथं?"

माझे मोठे चुलते, तात्या. एका हाताने अधू, म्हणून ऊस तोडायला जात नाहीत. हंगामभर एकटे मागे राहून वस्तीच्या शेळ्या सांभाळतात; दिवसा रानात असतात, म्हणून दुपारी दिसले नव्हते. ते पॅनेलच्या खोलीकडून येत होते.

"माय, तू व्हय! मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई. च्या घेती का?"

चहा पिताना सगळं कळलं. जाताना प्रत्येक जण एका बल्बचं बटण चालूच ठेवून कुलूप लावतो. तात्या दिवेलागणीला पॅनेलच्या खोलीतलं मेन स्विच ओढतात, सकाळी पाडतात.

"पण कावून, तात्या?"

"दिवेलागणीला घर आंधळं ठिवायचं न्हाई. पयलं मी दारोदारी चिमणी ठिवायचो. आता एक बटन हाय."

मला हायसं वाटलं. मग त्यांची नजर वस्तीच्या टोकाच्या घराकडे गेली. तिथेही फटीत उजेड होता. त्या घरातले नवराबायको मायक्रोग्रिड आली त्याच हंगामात कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर पलटी होऊन गेले. कुलूप तेव्हापासून तसंच, गंजलेलं.

"त्यांचा कावून लावता?"

"मी कुठं लावतो? जाताना त्येनीच लावून ठिवला. मी बटन वडतो, सगळ्यांचं लागतं, त्यांचंबी लागतं. बंद करायचं तर कुलूप फोडून आत जावं लागंल. तू जाती का?"

एलईडी बल्ब इतकी वर्षं टिकतो. मी स्वतःला तेच सांगितलं. तेवढ्यात तो एकदा लुकलुकला. सैल कनेक्शन असेल. जवळ जाऊन मीटर वाचायची गरज नव्हती. डेटा होताच.

संस्था लाइन बंद करणार आहे, हे मी तात्यांना सांगितलं. माझ्याच थिसिसवरून करणार, हेही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मंग मी ऱ्हायचो न्हाई हितं. उजेड हाय म्हणून वस्ती हाय. इतक्या अंधाऱ्या दारात मी एकटा कसा ऱ्हाऊ? शेळ्या दुसऱ्या कुणाला बघा म्हणावं."

परत गेल्यावर मी विषय बदलून दिला: स्थलांतराच्या हंगामात कुलूपबंद घरांची विजेची मागणी. प्रोफेसरांनी आकडे पाहिले.

"सगळ्या बल्बांची मिळून वीज किरकोळ आहे. ती धरली काय, शून्य धरली काय. चिलिंग सेंटरला फरक पडत नाही."

"सेंटरला नाही पडत, सर. शून्य लिहिलं की लाइन कापली जाते."

त्यांनी आकडे पुन्हा वरून खाली वाचले. मग, ज्यांची हकिगत मी सांगितली होती, त्या टोकाच्या घराच्या कॉलमवर बोट ठेवलं. "यांचं काय? ग्राहकाचा प्रकार काय लिहिणार?"

"घरगुती," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

संस्थेने दिव्यांची लाइन वेगळी काढली आणि बाकीची वीज दुधाला गेली. साहेबांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच्या प्रेझेंटेशनमध्ये ती आयडिया स्वतःची म्हणून दाखवली. तात्या अजून तिथेच आहेत. मी आता हेच काम करते, गावांचा लोड मोजायचं. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते: शून्य लिहायच्या आधी तिथे जाऊन या. आणि दिवस मावळायच्या आत परत फिरा.