चारुताच्या कपाळावरचे पाच ठिपके

नीलाबाईंची शाळा चौथीतच सुटली आणि नवराही लवकर गेला. मिरची कांडून, हळद दळून त्यांनी अजितला इंजिनीअर केलं. मिरचीला रंग लावलाय का, हे पोत्याचं तोंड सुटायच्या आत त्या ओळखायच्या. लोक म्हणायचे, बाई संशयी. संशयावरच तर चूल पेटत होती!

लेकाकडे परदेशात, टार्निटला त्या तीन महिन्यांसाठी आल्या आणि करोनानं विमानंच बंद झाली. दिवाळी आली तरी इथेच. पोती नाहीत, गिऱ्हाईक नाही. मग संशयाला काम उरलं ते सुनेचं तोंड वाचायचं.

चारुताच्या भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्या त्यांना पाठ होत्या. आमटी बिघडली, अजितशी बिनसलं, जूनमध्ये नोकरी गेली, सगळं आधी तिथे उमटलं होतं.

दिवाळीच्या आदल्या दुपारी चारुता "जरा जाऊन येते" म्हणून गेली आणि आली ती मानेला काठी बांधल्यासारखी. आडवी होईना, वाकेना. कपाळावर बारीक लाल पाच ठिपके.

"डास चावले, आई."

"रांग लावून?"

नीलाबाईंनी ताडलं. ही टेस्ट करून आली, रोग लपवतेय! आपण बहात्तरच्या, त्यात दमा. त्यांनी मास्क चढवला आणि हिंगाची डबी सुनेच्या नाकाशी धरली.

"कसला वास?"

"हिंगाचा! काय चाललंय, आई?"

बाईंचं समाधान होईना. डबी बघूनही सांगता येतंच की.

पहाटे अभ्यंगाला चारुता पाटावर बसली. तेलाचा हात टाळूवरून कपाळाकडे वळला तशी ती झटकन मागे सरली. "कपाळ नको!"

"झालाय ना तुला तो मेला करोना? मी गॅरेजमध्ये झोपेन, पण खोटं बोलू नकोस."

चारुता आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "इंजेक्शन घेतलंय. आठ्या जायचं. मागच्या मुलाखतीत स्क्रीनवरून विचारलं, आमच्यावर रागावलात का? दोन आठवड्यांनी पुढची आहे."

"असतं काय त्यात?"

"विषच, पण कणभर. स्नायू सैल पडतो. तीन-चार दिवसांनी फरक दिसतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे. तीन-चार महिन्यांत उतरतं. आज संध्याकाळपर्यंत चोळायचं नाही, औषध सरकलं तर पापणी खाली येते म्हणे."

"मिरचीवालेही कणभरच म्हणायचे." नीलाबाईंनी वाटी उचलली. पुढचे चौदा दिवस चहा देताना त्या आधी पापण्या बघत.

मुलाखतीच्या दिवशी त्या दाराबाहेरच उभ्या होत्या. चारुता बाहेर आली. कपाळ ताज्या सारवलेल्या अंगणासारखं, एक रेघ नाही. सून आल्यापासूनच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना विचारावं लागलं.

"काय झालं गं?"

"रागावलात का, असं कोणी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय."

नीलाबाई निरखत राहिल्या. "खरं?"

"हिंग आणू?"

"तेल आण. कोमट कर. दिवाळीचं कपाळ राहिलंय तुझं."

चारुता पाटावर बसली. कपाळ बोटांखाली गप्पच होतं, पण ओठ थरथरत होते. नीलाबाई आता तिथे वाचू लागल्या.