फरशीवरची कुस्ती

त्या सरदाराचं नाव मी घेत नाही. आजही त्याची आठवण आली की डोकं फिरतं.

आमच्या संस्थानाचे महाराज गावोगावी शाळा काढत होते, त्या काळात मी आणि माझा गुरुभाऊ वाडीतल्या तालमीत अंगाला माती फासत होतो. दोघांचेही बाप फौजेतले. माझा घोड्यावरून पडून खाटेला खिळलेला, त्याचा वारलेला. सरदाराच्या देवडीवर पहारेकरी हवा असं कळलं. जागा एकच होती. जो लागेल त्यानं दुसऱ्याचंही घर बघायचं, असं ठरवून आम्ही बरोबरच गेलो.

सरदार झोपाळ्यावर पान चघळत बसला होता.

"एकाच वस्तादाचे? सरस! मग लढा. जिंकेल त्याला नोकरी."

"सरकार, आम्ही तालमीत सराव करतो, लोकांपुढे एकमेकांशी लढत नाही," मी म्हणालो. "वस्तादांची शपथ आहे."

"मग चालते व्हा. बाहेर पुष्कळ उभे आहेत."

घरची थंड चूल डोळ्यांपुढे आली. आम्ही अंगरखे काढले. चौकात माती नव्हती, दगडी फरशी होती. गुरुभाऊ कानाशी कुजबुजला, "खोटी लढू. तू पड." मीच का, म्हणून रागच आला, तरी पडलो. सरदार ताडकन उठला.

"मला बनवता?"

त्याच्या जमादारानं आमच्या पाठीवर चाबूक ओढला. कातडी फुटेपर्यंत ओढत राहिला.

मग खोटं काही उरलं नाही. चाबकाचा राग आम्ही एकमेकांवर काढला. मी त्याचं डोकं फरशीवर आपटलं. भुवई फाटून रक्तानं त्याचा डोळा बुजला. त्यानं माझा उजवा हात पाठीमागे मुरगळला. "सोड, मोडेल!" मी किंचाळलो. त्याला ते ऐकू गेलं होतं. कोपर कडकन मोडलं आणि सरदाराची माणसं टाळ्या पिटू लागली.

"चालो, बस," सरदार गुजराती वळणानं म्हणाला. गुरुभाऊ धापा टाकत मुजरा करून उभा राहिला. सरदारानं त्याला खालून वर न्याहाळलं.

"भावाचा हात मोडणारा उद्या माझा गळा धरेल. तू नको. आणि हा लुळा मला काय करायचा? काढा दोघांना."

रस्त्यावर गुरुभावानं फेटा सोडून माझा हात गळ्यात बांधला. तो रडत होता. मी डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत भडकावली.

"अजून मार," तो म्हणाला.

मी मारत राहिलो. सरदाराच्या वाट्याचंही त्यालाच मारलं.

वस्तादांनी दोघांनाही तालमीचं दार बंद केलं. पुढं तो स्टेशनावर हमाली करू लागला आणि पहिल्याच मजुरीची बाजरी घेऊन आमच्या दारात आला. आईनं ती घेतली. त्या संध्याकाळी मी डाव्या हातानं पोटभर भाकरी खाल्ली. त्याच्याशी मात्र पुन्हा कधी बोललो नाही.