तिखट कमी

मोरचूद घातलेल्या खळीचा वास आला की मला चिखलीच्या कॉलेजचं ग्रंथालय आठवतं. बायको जाऊन सहा महिने झाले होते, दुपार सरता सरत नव्हती, म्हणून तिथल्या पुस्तक बांधणीच्या तीन दिवसांच्या वर्गात मी नाव घातलं. घरचं एक फाटकं पुस्तक आणायला सांगितलं होतं. मी तिचं स्वयंपाकाचं पुस्तक नेलं. डावीकडच्या पानांच्या बाहेरच्या समासात, अगदी कडेपासून, तिनं बारीक अक्षरात जागोजागी एकच लिहिलं होतं: ‘यांना तिखट कमी’. शिवण झाली, खळ वाळली आणि पुस्तक कटिंग मशीनखाली गेलं, तेव्हा माझा हात आपोआप त्यावर पडला. “काऊन थांबवलं काका? कडा सरळ करा लागते,” शिकवणारा म्हणाला. मागे कॉलेजच्या पोरी आपापली पुस्तकं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर, हे बायकोचं अक्षर आहे, असं म्हणायची मला लाज वाटली. “हाव, काप,” मी म्हणालो. पातं खाली आलं, कागदाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या आणि पुस्तक सुबक झालं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजही मी वरण त्यातच बघून करतो. पानावर ‘तिखट कमी’ तेवढं उरलंय. ‘यांना’ त्या दिवशी केरात गेलं.