मोरीत गेलेला चीक

मैत्रिणींनो, एक सांगायचंय.

मी टाकवे बुद्रुकची आशा सेविका. आज सकाळी, कालच दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे गेले. सासू तिची छाती पिळून पहिला चीक मोरीत सोडत होती. "घाण हाय ती!" बाळाला डब्याचं दूध.

बाळाच्या बापाला आतड्यांचा जुनाट आजार आहे. आईच्या दुधाने बाळाला तो आजार होण्याचा धोका थोडा कमी होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणालेले. मी तेच बोलले.

सासूने सुनेच्याच मुस्कटात मारली. "तूच बोलावलंस व्हय हिला?"

सुनेने डब्याच्या दुधाची वाटी भिंतीवर भिरकावली आणि बाळाला छातीशी घट्ट धरलं.

चुलीवर परवा व्यालेल्या गाईचा खरवस शिजत होता.

गाईचा चीक खायचा आणि बाईचा घाण? तुमच्या घरी काय केलंत, खरं सांगा.