दाजींनी आधी दार बसवलं

तार आली तेव्हा मी माधवनगरच्या त्या प्लॉटवर विटांच्या गाडीवानाशी भांडत उभा होतो. वीट कच्ची भाजलेली होती आणि तो ती पक्की म्हणून उतरवत होता. गिरणीतला शिपाई सायकलवरून आला आणि त्यानं तार माझ्या हातात दिली. दाजी गेले होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी निरोप धाडला होता की या खेपेला पक्कं ठरलंय, विटा मागवा, मी सोमवारी येतोय. विटा आल्या, दाजी आले नाहीत. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला राग आला, आणि हे लिहिताना मला काही संकोच वाटत नाही. ज्यांनी दाजींबरोबर, म्हणजे सुभेदार रंगरावांबरोबर, एखादं काम तडीला नेण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना हा राग समजेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी साताऱ्याला पोचलो. तिरडी खाली रस्त्यात बांधून तयार होती आणि दाजी वर होते. त्यांच्या घराचा जिना भिंतीत बसवलेला, अंधारा, मध्येच वळणारा, दोर धरून चढायचा. सुभेदार अंगापिंडानं दांडगे. चार माणसं त्या जिन्यात मावत नव्हती, दोघांना ते पेलत नव्हते. शेवटी घोंगड्यात घालून, एकानं वरून धरून आणि दोघांनी खालून खांदा देऊन त्यांना उतरवलं. वळणावर माझा हात भिंतीवर घासून सोलपटला. मी मनात म्हणत होतो, दाजी, किती वर्षं सांगत होतो तुम्हाला या जिन्याचं... आणि आक्का वरच राहिली. गुडघ्यांनी तिला उतरता येत नव्हतं, तिला उचलून खाली आणायला त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. तिनं आपल्या नवऱ्याला खिडकीच्या गजांतून निरोप दिला. त्या खिडकीकडे मी एकदा मान वर करून पाहिलं. तेव्हा मला दाजींचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

दाजी मूळचे वडूजकडचे. कोरडवाहू रान आणि त्यात भाऊबंदांचे वाटे, म्हणून पोरवयातच पलटणीत भरती झाले. पहिल्या महायुद्धात बसऱ्यापर्यंत जाऊन आले, सुभेदार झाले आणि पेन्शनीवर साताऱ्यात हे अरुंद घर घेऊन राहिले. खालच्या खोलीत भाडेकरू शिंपी, वर दोन खोल्या, चूलही वरच. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे दोघांना जागा पुष्कळ होती. पण आक्काचे गुडघे धरले आणि सगळा हिशेब बिघडला. पाणी खालून, सरपण खालून, देवळाची वाट खालून. एक वर्ष तर ती नागपंचमीला जी वर चढली, ती दिवाळीपर्यंत खाली उतरलीच नाही. शेजारणी खालून हाक मारायच्या आणि ती खिडकीतून त्यांच्याशी बोलायची.

यावर मार्ग दोनच होते. शिंप्याला दुसरी जागा बघायला सांगून चूल खाली आणायची, भिंत काढून न्हाणीघर करायचं, हा एक. नाहीतर साताऱ्याचं घर सोडून माधवनगरला यायचं. मी इथल्या एका गिरणीत सूतखात्यावर देखरेखीला असतो. वस्ती नवी, रस्ते सरळ आणि रुंद, जमीन सपाट. दोन्ही मार्ग चांगले होते. दाजींनी त्यातला कुठलाही एक धरला असता, तर हा लेख मी जरा गोडीनं लिहिला असता. पण दाजींनी दोन्ही धरले.

शिंप्याचा विषय काढला की म्हणायचे, "आवं पाव्हणं, त्येच्या मशीनीच्या आवाजावर मला दुपारची झोप लागती. त्येला उठवला तर मी झोपू कसा?" मग माधवनगरला चला म्हटलं, की लगेच तयार. आले, प्लॉट पाहिला, दुसऱ्या दिवशी घेतलासुद्धा. घडीव दगडाचं जोतं झालं. आष्ट्याचा एक सुतार गाठून सागवानी चौकट करायला टाकली, आणि तिथं आमचं पहिलं भांडण झालं. चौकट भलतीच रुंद होती. दोन खोल्यांच्या घराला वाड्याच्या महाद्वारासारखं दार, आणि तेही दुसऱ्या लढाईच्या दिवसांत, जेव्हा चांगलं लाकूड दिसलं तरी लोक थांबून बघत.

"दाजी, हत्ती बांधायचा हाय का दारात?" मी विचारलं.

"दार माझ्या मापानं हुईल," ते म्हणाले.

"तुमी एवढं रुंद हायसा व्हय?"

"मागनं सांगीन."

मागनं म्हणजे कधी, ते दाजींच्या बाबतीत विचारायचं नसे. चौकट उभी करायच्या पूजेला नवराबायको दोघं हवीत. आक्काला जिन्यावरून उतरवून गाडीत घालून आणणं त्या वेळी जमलं नाही, म्हणून दाजींनी तिच्या जागी कनवटीला सुपारी लावली आणि पूजा उरकली. चौकटीला आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला, दोन्ही बाजूंनी टेकू दिले. दाजी चौकटीसमोर खूप वेळ उभे राहिले. मग म्हणाले, भिंती दिवाळीनंतर घालू. त्या दिवाळीनंतर किती दिवाळ्या गेल्या ते मी मोजायचं सोडून दिलं.

सिमेंट परमिटवर, पत्रा परमिटवर, लोखंड तर बघायलाही मिळेना, हे खरंच. लढाई संपली तरी परमिटं संपली नाहीत. पण दाजींची अडचण ती नव्हती. सिमेंट मिळालं, की त्यांना साताऱ्याचं घर आठवायचं. "हितं डोंगूर न्हाई ओ पाव्हणं," ते म्हणायचे, "सकाळी उठून डोळं टेकवायचं कशावर?" मग माधवनगरसाठी जमवलेलं सामान साताऱ्याला जायचं. शिंप्याला उठवायचा दिवस आला, की सामान परत माधवनगरला. एका शहाबादी फरशीच्या थप्पीनं तर आमच्या घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त प्रवास केला. प्रत्येक वेळी गाडी मीच ठरवायची, हमाल मीच बोलवायचे, फुटलेल्या फरश्या मीच मोजायच्या. आणि इकडे त्या जोत्यावर ती एकटी चौकट उभी. ना मागं भिंत, ना वर छप्पर. लोक पत्ता सांगताना सुभेदाराचं दार म्हणून सांगू लागले.

दाजी आले, की चौकटीतूनच आत जायचे. चहूबाजूंनी मोकळं जोतं, कुठूनही चढता येत होतं. पण नाही. उंबरठा ओलांडून आत, उजवीकडे माजघर, पलीकडे चूल, इथं खिडकी, असं हातवारे करून मला दाखवायचे. एकदा मी वैतागून बाजूनं चढलो, तर माझ्याकडे गंभीरपणे बघत म्हणाले, "भिंतीतनं कसं काय आलासा?" मला हसू आलं आणि हसल्याचा पुन्हा राग आला.

अखेर एकदा मी त्यांना साताऱ्यातच, आक्कासमोर गाठलं. म्हटलं, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "पाव्हणं, तरणा माणूस घर बांधतो तवा फुडं लय काय काय करायचं असतं. म्हाताऱ्यानं बांधलं, की ते शेवटचं घर. बांधून झालं, की आता मरायचं तेवढं ऱ्हायलं." यावर आक्का खिडकीशी बसूनच म्हणाली, "तुमचं खरं हाय. पर मला त्या शेवटच्या घरात चार दिस चालायचं हाय. हितनं उठून तितं नुसतं चालायचं." मला वाटलं, झालं, ठरलं. पण दुसऱ्या दिवशी ते गवंड्याला घेऊन साताऱ्याचीच भिंत ठोकून बघत होते.

आमची शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. कळवलं नाही, काही नाही, दाजी आक्काला घेऊन थेट आले. खुर्चीत बसवून, दाजींनी आणि शिंप्यानं मिळून तिला जिन्यावरून उतरवलं होतं. सातारा रोड स्टेशनापर्यंत मोटारीनं आणि पुढं आगगाडीनं, तिला घाम फुटला होता, पण चेहरा फुलला होता. तिनं प्लॉट पहिल्यांदाच पाहिला. दाजींनी तिच्या दंडाखाली हात घातला, तिनं त्यांच्या खांद्यावर भार टाकला, आणि दोघं मिळून त्या चौकटीतून आत गेली. बरोबरीनं, एकाच पावलात. कुणाला अंग चोरावं लागलं नाही, कुणाला मागं व्हावं लागलं नाही. साताऱ्याच्या जिन्यात ते कधीच शक्य नव्हतं, तिथं एकानं पुढं आणि एकानं मागंच चालायचं.

आत जाऊन दाजी वळले. "बसलं का न्हाई माप?" ते म्हणाले. "म्हातारपणी एकट्यानं कोण चालतंय, पाव्हणं? दार दोघांचं पायजे."

मी म्हटलं, माप बसलं, आता भिंती घाला. "घालू की," दाजी म्हणाले, "पाऊस होऊन जाऊ द्या." आणि आक्काला घेऊन परत साताऱ्याला गेले. त्याच जिन्यानं तिला वर चढवलं. एवढं कळत होतं या माणसाला, एवढ्या बारकाईनं मोजलं होतं, आणि तरी... माझ्या वैतागाला इथं शब्द पुरत नाहीत. माणूस वाईट असता, तर मी केव्हाच हात झटकले असते.

तेराव्यानंतर मी आक्काला विचारलं, की शिंप्याशी बोलून तुझी चूल खाली आणू का माधवनगरला येतेस. मला वाटलं, तिला विचार करायला दिवस लागतील. ती म्हणाली, "भिंती घाल." एवढंच. त्याच कच्च्या विटांतल्या बऱ्या निवडून, मातीत बांधकाम करून, वर जुना पत्रा टाकून मी दीड महिन्यात दोन खोल्या उभ्या केल्या. इतकी वर्षं ज्यानं दोन शहरांना नाचवलं, ते काम दीड महिन्याचं होतं. दाजी असते तर मी त्यांना ते ऐकवल्याशिवाय राहिलो नसतो. त्या चौकटीला दोन कवाडं करून बसवली. आक्का आता भिंतीला हात लावत लावत घरभर फिरते, दारात बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी खिडकीतून नव्हे, समोरासमोर बोलते.

फक्त एक आहे. सकाळी उठली, की ती दोन्ही कवाडं सताड उघडते. रस्ता कच्चा आहे, काळी माती, बैलगाड्या जातात, आणि सगळी धूळ घरात. ती एवढीशी बाई, तिला एक कवाड पुष्कळ झालं. काल गिरणीतून तिच्याकडे गेलो, तर पाटावर, भांड्यांवर, अंथरुणावर धूळच धूळ. मी चिडून म्हणालो, "आक्का, एक कवाड उघडं ठेवलं तर पुरं न्हाई का?"

ती बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता मी एकटी ऱ्हायले, म्हणून दार बी अर्धंच उघडायचं व्हय रं?"

मी कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि धूळ झाडायला लागलो.