लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बॉयलर बघायला

मार्चमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लोक हवाईला जातात. आम्ही व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि मेन या तीन राज्यांत लाकडावर चालणारे बॉयलर बघायला गेलो. मुलगी बोस्टनहून फोनवर किंचाळली, "बाबा, आर यू सीरियस? डझ आई नो?"

आईला माहीत होतं. आईचीच अट होती.

न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआ शहरातलं अपार्टमेंट सोडून आम्ही पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावर, झाडीत घर घेतलं. हौस माझी. तळघरात तेलावरचा जुना बॉयलर आहे. तो पाणी तापवतो आणि ते पाणी भिंतींलगतच्या नळ्यांतून घरभर फिरतं. (म्हणतात बॉयलर, पण त्यात पाणी उकळू द्यायचं नसतं. उकळलं तर पळा.) जानेवारीत तो बंद पडला आणि आम्ही आठवडाभर कानटोप्या घालून जेवलो. तेव्हा मंजिरी म्हणाली, "मला पटेल असा बॉयलर या सहलीत मिळाला तर राहू. नाहीतर घर विकायचं आणि परत नॅशुआ."

मी कॉमर्सवाला, नोकरी सॉफ्टवेअरची. पण प्लंबिंग, वायरिंग, फरशी बसवणं, सगळं स्वतः शिकलोय. घराला ताशी किती उष्णता लागते ते मी खिडकी न् खिडकी मोजून काढलं होतं. गाडीत टेप, थर्मामीटर आणि लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र होतं. मंजिरीने दशम्या आणि लसणाची चटणी घेतली.

जाणाऱ्यांसाठी सल्ला: बॉयलर दुकानात बघू नका. वापरणाऱ्याच्या घरी, पेटलेला बघा. विक्रेत्याला विचारलंत तर तो जुन्या गिऱ्हाइकांशी गाठ घालून देतो. मंजिरीने या प्रकाराला व्हरमाँटमधलं पहिलं गाव, ब्रॅटलबोरो, यायच्या आतच नाव दिलं: बघण्याचा कार्यक्रम.

पहिलं स्थळ उत्तर व्हरमाँटमध्ये, सेंट जॉन्सबरीजवळ. ९१ नंबरचा हायवे सुंदर आहे, पण तो सोडलात की सावकाश चालवा. थंडीने रस्ते फुगून येतात आणि गाडी उंटासारखी चालते. घरमालक वॉल्ट, निवृत्त शिक्षक. पोह्यांच्या जागी बर्फावर ओतलेला मेपलचा गरम पाक, डोनट आणि सोबत आंबट काकडीचं लोणचं आलं. हसू नका, छान लागतं.

बॉयलर ऑस्ट्रियन घराण्यातला. लाकडाचा धूर खालच्या कप्प्यात नेऊन पुन्हा जाळतो, चिमणीतून जवळजवळ काही दिसत नाही. शेजारी गरम पाण्याची खोलीएवढी टाकी. मी पाघळलो. लाकूड मोजलं, ओलावा वीस टक्क्यांच्या आत, म्हणजे नीट वाळलेलं. वॉल्टने सांगितलेलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं.

"पेटवून दाखवता?" मंजिरीने विचारलं.

वॉल्टने बॉयलरवरचा स्क्रीन बघितला. "जस्ट अ मिनिट. इट्स अपडेटिंग."

आम्ही तिघं त्या लोखंडी पेटीसमोर हात बांधून बराच वेळ उभे राहिलो.

गाडीत मी म्हणालो, "शिकलेला आहे, घराणं चांगलं आहे."

"पण बोलत नाही रे. तोंड सारखं मोबाइलमध्ये."

सेंट जॉन्सबरीत मोटेल शंभर डॉलरच्या आत मिळालं, स्वच्छ, हीटर खडखडणारा. सकाळी २ नंबरच्या रस्त्याने न्यू हॅम्पशरच्या लँकेस्टरला. दुसरं स्थळ रॉजर नावाच्या घरमालकाच्या अंगणात उभं होतं: छोट्या देवळाएवढी पत्र्याची खोली, वर धुराडं. आत हातभर नव्हे, पुरुषभर ओंडके जातात. सकाळी घातलं की रात्रीच बघायचं. राख, धूर, कचरा सगळं घराबाहेर. मी टेप काढला. मंजिरीने एक ओंडका उचलायचा प्रयत्न केला. ओंडका जागचा हलला नाही.

रॉजर प्रेमाने म्हणाला, "हनी, लेट युवर हजबंड डू इट."

"हजबंड मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिसला असतो," मंजिरीने त्याला इंग्रजीत सांगितलं आणि बघितलं मात्र माझ्याकडे.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "खिडक्या मोजल्यास. लाकडं मोजलीस. रोज पेटवणार कोण, ती केवढी, तिच्या हातात काय मावतं, ते मोजलंस?"

मी 'मूसपासून सावधान' ही, सांबराच्या त्या थोरल्या भावाची, रस्त्याकडेची पाटी वाचायला लागलो. गोरहॅम गावाच्या अलीकडे ती फोनमध्ये बघत म्हणाली, "नॅशुआत दुसऱ्या मजल्यावर एक जागा आहे. हीट इन्क्लुडेड."

उरलं होतं एकच स्थळ.

मेनमधल्या बेथेलला डॉटी एकटी राहते. सत्तरीची, मंजिरीच्याच उंचीची. तळघरात बुटका, काळा बॉयलर. कमरेएवढं दार, कोपरापर्यंतच्या हाताएवढी लाकडं, स्क्रीन नाही.

मंजिरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "अरे, हा तर आमच्या मिरजेच्या बंबाचा चुलतभाऊ!"

अशा बॉयलरला एक दांडी असते. आधी ती ओढायची, म्हणजे धूर सरळ चिमणीत जातो, आणि मगच दार उघडायचं. यामागचं शास्त्र मी डॉटीला समजावून सांगत होतो. सांगता सांगता दार उघडलं. दांडी राहिली.

काळा लोट बाहेर आला. अलार्म कोकलायला लागला. भुवया जळल्याचा वास आला, त्या माझ्याच होत्या.

डॉटी शांतपणे म्हणाली, "वेल, द अलार्म वर्क्स." मग माझा अवतार बघून, "यू नीड अ बाथ."

आता आंघोळीच्या पाण्याची चाचणी मला करायचीच होती. मी बादली मागितली. डॉटीने घोड्याला पाणी पाजायची दिली. शॉवरचं पाणी अंगावर पडतं. कडकडीत पाणी डोक्यावर ओतून घ्यायला बादलीच लागते. मी बादलीमागून बादली भरली, प्रत्येकीत थर्मामीटर बुडवला. पारा ढळेना. मी जोरात रामरक्षा म्हणत होतो, असं नंतर कळलं.

डॉटीच्या दिवंगत नवऱ्याचा चौकड्यांचा गाऊन घालून मी तळघरात उतरलो. "पाचव्या बादलीलाही तेवढंच गरम!"

"असणारच," मंजिरी म्हणाली. स्टुलावर बसली होती, गाल लाल, गालावर काजळी. "आम्ही दोघी इथे लाकडं घालतोय ना."

"अगं, पण माझ्या हिशोबाने वरच्या मजल्याला किंचित लहान पडेल. कडाक्यात तेलाचा मदतीला घ्यावा लागेल."

"मग घे. मला हाच हवा."

डॉटीने टाळ्या वाजवल्या. सूप आणि मक्याचा ब्रेड दिला. दशम्या तिने मेपल सिरप लावून खाल्ल्या. मंजिरीने तेही हसत बघितलं, तेव्हा मला कळलं की घर वाचलं.

तुम्ही घेणार असाल तर दोन गोष्टी. चिमणी, पंप आणि जोडणीला बॉयलरएवढाच खर्च धरा. आणि हे काम परवानावाल्याकडूनच करून घ्या. मीसुद्धा घेतलं, फक्त त्याच्या मागे उभा राहिलो.

बॉयलर शरद ऋतूत बसला. माझा हिशोब अचूक निघाला: कडाक्यात वरचा मजला किंचित गार राहतो. गाडीला अजून धुराचा वास येतो आणि डावी भुवई थोडी विरळ उगवली आहे. मी लाकडं फोडतो, ओलावा मोजतो, मंजिरीच्या उंचीप्रमाणे रचतो. रोज संध्याकाळी पाटीभर लाकडं तळघराच्या दारापर्यंत नेतो. मंजिरी ती माझ्या हातून घेते, "थँक यू" म्हणते आणि आतून दार लावून घेते.