कात्रज ते सिंहगड : सोललेल्या मांड्या आणि ‘पाय’ हा शब्द

रविवार, ७ डिसेंबर २००३. माणशी एकशेवीस रुपये, तिघांचे तीनशे साठ, आगाऊ. हजर : मी, पत्नी सुनंदा, मुलगी मृणाल आणि हिंजवडीच्या कंपनीतले तिचे एकोणीस सहकारी. कंपनीने ‘फॅमिली ट्रेक’ काढला होता. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगराच्या धारेने थेट सिंहगड. तेरा टेकड्या, अंदाजे सोळा किलोमीटर. माझं वय पंचावन्न, सुनंदाचं एकावन्न. तिला सहा वर्षं साखर (मधुमेह) आहे. हे सगळं सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे मला राग येणार आहे आणि रागात आकडे चुकतात.

आम्ही या वयात डोंगरावर का गेलो, तेही सांगतो. मृणाल सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने विश्रांतवाडीहून निघते आणि रात्री नऊला परत येते. रविवारी झोपते. अशा मुलीने आईला आपणहून विचारलं, “येतेस का माझ्याबरोबर?” सुनंदाने तीन आठवडे रोज पाऊण तास चालायचा सराव केला. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, “चाला की खुशाल. फक्त पायाला जखम होऊ देऊ नका. साखरेत जखम लवकर भरत नाही.”

पायाला! म्हणून आम्ही बूट घेतले, जाड मोजे घेतले, नखं कापली. पावलाच्या वर पायाला आणखी काही असतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पावणेसहाला बोगद्याशी बस थांबली. मृणालचा टीम लीड अभिजित हा आमचा म्होरक्या. त्याने घरी पाठवलेल्या यादीत सतरा बाबी होत्या : पाणी तीन लिटर, टोपी, ग्लुकोज, शिट्टी वगैरे. मी सतराही आणल्या होत्या. शिट्टीसुद्धा.

पहिली टेकडी चढून गेल्यावर उजाडलं. उजवीकडे पुणं धुरकट पसरलेलं, डावीकडे खेड शिवापूरचं खोरं आणि साताऱ्याच्या रस्त्यावर मुंग्यांसारखे ट्रक. गवत पिवळं पडलेलं. त्यातली कुसळं (गवताची टोकदार तुसं) मोज्यांत घुसत होती. सुनंदा आणि मृणाल बरोबर चालत होत्या, बोलत होत्या. कितीतरी महिन्यांनी मी दोघींना एकत्र हसताना ऐकलं. तिसऱ्या टेकडीवर आम्ही गुळपोळी खाल्ली. इथपर्यंतचा प्रवास उत्तम होता.

चौथ्या टेकडीच्या चढावर ऊन लागलं आणि माझ्या मांड्यांच्या आत चुरचुरू लागलं. खास या दिवसासाठी नवी जीन्स घेतली होती. तिची जाड शिवण नेमकी दोन मांड्यांच्या मधून जाते. घामाने ती भिजली, मग वाऱ्याने घाम वाळला आणि कातडीवर मीठ राहिलं. पुढे प्रत्येक पावलाला कोणीतरी सॅंडपेपर फिरवावा तसं. पाचव्या टेकडीवर मी पाय फाकवून चालत होतो.

“काका, कसली भारी चाल आहे! एकदम घोड्यावरून उतरल्यासारखी,” अभिजित म्हणाला.

वीस पोरापोरींसमोर काय सांगणार? मी म्हणालो, “पाय दुखतोय.”

“एवढंच ना? हे लावा. पाच मिनिटांत गार.” त्याने एक ट्यूब दिली. वरचं नाव घासून गेलं होतं. मी करवंदीच्या जाळीमागे गेलो आणि जिथे दुखत होतं तिथे भरपूर लावलं. अभिजित खोटं बोलला नाही. पहिली दहा सेकंदं गारच वाटलं. त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. लचकलेल्या स्नायूला चोळायचं मलम मी सोललेल्या कातडीवर चोळलं होतं. ते धुण्यात एक लिटर पाणी गेलं, म्हणजे माझ्या वाट्याच्या पाण्याचा एक तृतीयांश.

लंगडत परत आलो तेव्हा सुनंदा दगडावर बसली होती. मृणाल पुढे गेली होती. सुनंदा हलकेच म्हणाली, “अहो, ती ट्यूब जरा इकडे द्या.”

“तुला कशाला?”

“काही नाही. पाय दुखतोय.”

दहा मिनिटांपूर्वी हेच दोन शब्द मी वापरले होते. नसते वापरले, तर मी ट्यूब देऊन टाकली असती. मी विचारलं, “कुठे दुखतोय?” तिने नुसता हात पुढे केला. “सुनंदा, कुठे?” तिने ओढणी मांडीवर ओढून घेतली. मी ती बाजूला केली. फिक्या रंगाच्या सलवारीवर, आतल्या बाजूला, रक्ताचे दोन डाग होते. एक रुपयाएवढा, दुसरा त्याहून मोठा.

“कधीपासून?”

“दुसऱ्या टेकडीपासून. तुम्ही ओरडू नका. मृणालला कळलं तर ती परत फिरेल. तिचा एवढा एकच रविवार...”

मी ओरडलो. बोगद्यापर्यंत ऐकू गेलं असेल. “मृणाल, इकडे ये! तुझ्या आईच्या मांड्या सोलल्या आहेत!”

सगळे थांबले. मृणाल धावत आली. “बाबा, हळू ना! सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत. न बोलल्यामुळेच रक्त आलंय. अहो अभिजितराव, सतरा बाबींच्या यादीत शिट्टी आहे. मांड्यांचं काय?”

“काका, ती लिस्ट नेटवरची आहे. इंटरनॅशनल लिस्ट आहे.”

“मग त्या देशांतल्या माणसांचे पाय गुडघ्यापासून सुरू होत असतील.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात मागून अश्विनी पुढे आली. ही मूळची अमरावतीची, मृणालच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. तिने पाठपिशवीतून जेलीची डबी काढली, थंडीत ओठांना लावतात ती. “काकू, आधी का नाही सांगितलं? मी तर घरूनच लावून आली. अन आतून सायकलवाल्यांची घट्ट चड्डी घातली. कातडी कातडीला लागूच द्यायची नाही. कॉलेजात मी धावायची ना, तेव्हापासूनच करते.”

“मग सकाळी सगळ्यांना का नाही सांगितलंस?” मी तिच्यावरही भडकलो.

“काका, एवढ्या पोरांसमोर कशी सांगू? कोणी विचारलंच नाही.”

दोन मुलांनी खाली बघत डबी मागितली. मग अभिजित पुटपुटला, “मला पण थोडं... मी पावडर टाकली होती सकाळी. तिचे गोळे झालेत.” ज्याने मला ट्यूब दिली, तो स्वतः तीन टेकड्या तसाच चालत होता!

मुलींनी सुनंदाभोवती चादर धरली. अश्विनीने आधी साध्या पाण्याने मीठ धुतलं, टिपून कोरडं केलं, चोळलं नाही. आजूबाजूच्या शाबूत कातडीला जेली लावली, जखमेवर स्वच्छ रुमाल ठेवला आणि आपल्या जवळची मऊ सुती पायजमा-पॅंट तिला घालायला दिली. मी झाडीत जाऊन जीन्स उतरवली, पंचा फाडून दोन्ही मांड्यांना गुंडाळला आणि वरून अभिजितची लुंगी नेसलो. चाल तत्काळ सुधारली.

आता प्रश्न होता पुढे जायचं की नाही. आठ टेकड्या शिल्लक होत्या. सुनंदा म्हणाली, “आता बरं वाटतंय. हळूहळू येते.” अभिजित म्हणाला, “काका, मधे उतरायला रूटच नाहीये. आता पुढेच जावं लागेल.”

जरा खाली एक म्हातारा गुरं चारत होता. मी त्याला हाक मारून विचारलं.

“वाट हाय की! ही सोंड (धारेवरून खाली उतरत गेलेली डोंगराची रांग) धरा, खाली वाडी हाय. तासाभराचं काम.” त्याने सुनंदाकडे पाहिलं. “माउलीची मांडी काचली व्हय? लुगड्याचा काष्टा असता तर नसतं झालं. ह्यो सलवारीचा कपडा लई वंगाळ.”

पहिल्यांदा कोणीतरी तो शब्द साध्या आवाजात उच्चारला होता.

सुनंदा मृणालला म्हणाली, “तू पुढे जा. मी बाबांबरोबर उतरते.”

“आई, मी सिंहगड बघायला आले नव्हते,” मृणाल म्हणाली आणि सुनंदाची पिशवी आपल्या खांद्याला अडकवून आधी निघाली.

उतरायला दीड तास लागला. वाडीत एका घरी पाणी आणि ताक मिळालं. तिथून दुधाच्या टेम्पोने हमरस्ता, तिथून एस.टी.ने कात्रज, रिक्षाने घर. दुपारी तीन वाजता डॉक्टरांच्या घरी. त्यांनी विचारलं, “काय होतंय?” सुनंदा सवयीने म्हणाली, “पाय...” मी मध्ये पडलो आणि जागा, आकार, वेळ, वापरलेलं मलम आणि जेली, सगळं क्रमाने सांगितलं. साखर तपासली, दोनशे ऐंशी. डॉक्टर माझ्यावर चिडले. मीही चिडलो. “तुम्ही पायाला जखम होऊ देऊ नका म्हणालात. आम्ही पावलं सांभाळली. मांडी म्हणायला तुम्हालाही जड गेलं?” ते म्हणाले, “हो. म्हणायला हवं होतं.” गोळ्या बदलल्या, रोज ड्रेसिंग करायला सांगितलं, उघड्या जखमेवर पावडर आणि हळद दोन्ही बंद.

ड्रेसिंगला सुनंदाने पुरुष कंपाउंडर नको म्हटलं, म्हणून शेलार सिस्टर घरी येत. निवृत्त बाई, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी पट्टी काढून म्हणाल्या, “एकतीस वर्षं संसार केलात आणि नवऱ्याला ‘मांडी दुखते’ सांगता येत नाही? मग काय उपयोग तुमच्या शिक्षणाचा?” सुनंदा हसली. चौथ्या दिवशी जखमेच्या कडेला लाली पसरली, तेव्हा कोणी हसलं नाही. मृणालने दोन दिवस रजा टाकली. सहाव्या दिवशी लाली ओसरली. रोज संध्याकाळी मी विचारायचो, “मांडी कशी आहे?” आणि सुनंदा स्वयंपाकघरातून, शेजारी ऐकत असतील याची पर्वा न करता, उत्तर द्यायची.

नवव्या दिवशी सिस्टरांनी पट्टी काढली, उजेडात नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “बंद झाली. आता पट्टी नको.” दर ड्रेसिंगला तीस रुपये ठरले होते. त्यांनी आठांचे दोनशे चाळीस मागितले. “आज मी काही केलंच नाही, नुसतं पाहिलं.”

“पाहण्याचेच पैसे आहेत, बाई,” मी म्हणालो. “तेवढंच आम्ही केलं नव्हतं.”

दोनशे सत्तर रुपये शेलार सिस्टरांना दिले.